पहिल्या मोसमावरून वाइड रिसीव्हरची पारख कशी करावी?

न्यूजर्सीकर
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसच्या अमेरिकन फुटबॉलच्या फॅन्टसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा खेळ) एक खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतो आणि माझ्याकडे वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन पास झेलणारा, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर आहे. 2024च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) ॲरिझोना कार्डिनल्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, तेव्हा इतका तयारीचा रिसीव्हर क्वचितच येतो, असा बोलबाला होता. प्रत्यक्षात पहिल्या मोसमात त्याच्या नावावर 62 झेल, 885 यार्ड आणि 8 टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) लागले. सहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सकडे गेलेल्या मलिक नेबर्सने मात्र दोन सामने हुकूनही 109 झेलांत 1,204 यार्ड मिळवले, तेही क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, वारंवार बदलत असताना. एका मोसमाच्या आकड्यांवरून नवख्या खेळाडूची कुवत ठरवावी का, आणि तसे नसेल तर नेमके काय पाहावे?

फिल्मवाला
यार्डांच्या बेरजेत खेळाडूचा वाटा किती आणि संघाचा किती, हे आधी वेगळे काढावे लागते. नेबर्सच्या दिशेने 170 पास टाकले गेले, हॅरिसनच्या दिशेने 116. यावर ‘बिचाऱ्याला चेंडूच मिळाला नाही’ असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण क्वार्टरबॅक मोकळ्या दिसणाऱ्या माणसाकडेच चेंडू टाकतो आणि मोकळे होणे हेच तर रिसीव्हरचे मुख्य काम आहे. दुसरीकडे, हॅरिसनचा एक झेल सरासरी 14 यार्डांहून अधिक अंतराचा होता आणि नेबर्सचा सुमारे 11 यार्डांचा. म्हणजे हॅरिसनला लांबचे, अवघड पास अधिक मिळाले आणि जवळचे हुकमी झेल त्याच्याच संघाचा टाइट एंड (अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारा) ट्रे मॅकब्राइडकडे गेले, ज्याने त्याच मोसमात 111 झेल घेतले.

माझ्या मते आकड्यांपेक्षा चित्रफीत पाहावी, आणि तीही संपूर्ण मैदान दाखवणारी, कारण दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात रिसीव्हर बहुतेक वेळ चौकटीबाहेरच असतो. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, अगदी समोर उभा राहून छातीवर हात टाकू पाहतो, त्या पहिल्या दोन पावलांवर नजर ठेवा. चांगला रिसीव्हर खांदा किंचित वळवून तो हात खाली झटकतो, एका बाजूला जाण्याचा आव आणतो आणि कॉर्नरबॅकची कंबर त्या दिशेला वळताच दुसरीकडून निसटतो. वळणापूर्वी त्याचा वेग मंदावत असेल, तर पुढे काय होणार हे बचावपटूला आधीच कळते. चेंडू त्याच्याकडे आला की नाही, याला येथे महत्त्व नाही.

चाळीस यार्ड
शर्यतीच्या वेळेला भुलू नका, एवढीच भर घालतो. रिसीव्हर जॉन रॉसने 2017च्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्या) चाळीस यार्ड 4.22 सेकंदांत कापले, सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले आणि पहिल्या मोसमात त्याला एकही झेल घेता आला नाही. याउलट रिसीव्हर पुका नाकुआ 2023मध्ये पाचव्या फेरीत, 177व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि 105 झेल व 1,486 यार्डांसह त्याने नवख्यांचे दोन्ही विक्रम मोडले. हॅरिसनने तर कम्बाइनमध्ये धावण्याचेच टाळले होते.

इंडियानापोलिसचा प्रेक्षक
हॅरिसनच्या वडिलांचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. थोरल्या मार्व्हिन हॅरिसनचा 1996चा पहिला मोसम 64 झेल, 836 यार्ड आणि 8 टचडाऊन असा होता, म्हणजे मुलाच्या आकड्यांची जवळजवळ नक्कलच. त्यांना हजार यार्ड ओलांडायला 1999 उजाडले, पण त्या वर्षी थेट 1,663 यार्ड झाले आणि 2002मध्ये 143 झेल. अर्थात यावरून मुलाचेही तसेच होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण 1998मध्ये वडिलांच्या संघाकडे, इंडियानापोलिस कोल्ट्सकडे, पेटन मॅनिंग आला, आणि असा क्वार्टरबॅक मागून मिळत नाही.

फिल्मवाला
तुलना रोचक आहे, मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये. वडिलांच्या काळी नवख्या रिसीव्हरला वेळ दिला जात असे. आता महाविद्यालयीन संघही भरपूर पास टाकत असल्याने चांगले खेळाडू पहिल्याच वर्षी हजार यार्डांवर जातात. नवखे रिसीव्हर असताना जस्टिन जेफरसनने 2020मध्ये 1,400 यार्ड केले, जमार चेसने 2021मध्ये 1,455. म्हणून 885 हा आकडा वाईट नसला तरी चौथ्या क्रमांकाला साजेसाही नाही.

न्यूजर्सीकर
सर्वांचे आभार. मग राखावा की सोडावा?

फिल्मवाला
राखा, पण ज्याच्या जागी त्याला ठेवणार तो खेळाडू नेबर्सच्या तोडीचा नसेल तरच. बफेलोविरुद्धच्या पहिल्या सामन्यात हॅरिसनला एक झेल आणि 4 यार्ड मिळाले होते, आणि पुढच्याच आठवड्यात रॅम्सविरुद्ध एकट्या पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या पाव भागात, 130 यार्ड व दोन टचडाऊन. या दोन सामन्यांत त्याला कोठे उभे केले होते आणि समोरचा कॉर्नरबॅक किती अंतरावर होता, हे पाहा. पुढच्या मोसमात त्याला कडेला बांधून न ठेवता आतल्या बाजूला, हालचाल करत सुरुवात करू दिली, तर त्याचे झेल वाढायला हवेत. तसे होऊनही वाढले नाहीत, तर मात्र दोष संघाच्या आखणीचा नसून त्याचा आहे असे समजावे.