जुलैत सालामांका आणि त्यात वर्ल्ड कप: कोणी अनुभवलंय का?

खडीसाखर
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, स्पॅनिशची बी-वन पातळी झाली आहे. या जुलैत कोर्ससाठी स्पेनला, सालामांकाला चालले आहे. व्हिसा आला, तिकीट झालं, राहायची सोय एका आजींच्या घरी आहे. आणि नेमकी 19 जुलै 2026 ला फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल! स्पेन युरोपचा विजेता म्हणून उतरतोय, त्यामुळे कोर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्तापासूनच धुमाकूळ चालू आहे. स्पेन फायनलला पोचलं तर माद्रिदला जाऊन मोठ्या पडद्यावर सामना बघायचा, असं दोघीतिघी म्हणताहेत. बाबांचं म्हणणं, त्या रात्री घराबाहेरच पडू नकोस. मला स्वतःला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण इतक्या लांब जाऊन खोलीत बसून राहायचं हेही पटत नाही. तिथे अशा वेळी कोणी राहिलंय का? जिंकल्यावर नक्की काय होतं? आणि मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. बारमध्ये उपाशी राहावं लागेल का?

बाराखडी
आधी पोचू तर दे त्यांना फायनलला! 2014 ला जगज्जेते म्हणून मिरवत गेले आणि नेदरलंड्सकडून 5-1, चिलीकडून 2-0 खाऊन गटातूनच घरी आले. 2022 ला मोरोक्कोविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये एकसुद्धा गोल करता आला नाही. तिकडे जाऊन सांत्वन कसं करायचं तेवढं शिकून ठेव, परीक्षेलाही उपयोगी पडेल.

गोदाकाठ
खडीसाखर, मी 2010 च्या उन्हाळ्यात सालामांकालाच होते. तुझ्यासारखीच कोर्सला, तुझ्यासारखीच एका आजींच्या घरी. हा धागा बघून हात आवरत नाहीये. प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बस.

माद्रिदचं आधी निकालात काढू. फायनलच्या रात्री जाऊ नकोस. 2010 ला सामना रविवारी, 11 जुलैला जोहान्सबर्गला झाला. संघ माद्रिदला उतरला सोमवारी, आणि उघड्या बसमधून मिरवणूक निघाली ती सोमवारी संध्याकाळी. म्हणजे रविवारी रात्री माद्रिदच्या चौकात उभं राहून दिसणार काय, तर पडदा आणि पुढच्याची पाठ. यंदा सामना न्यू जर्सीत आहे, स्पेनमध्ये तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतील. एक्स्ट्रा टाइम झाला तर मध्यरात्रच. नंतर परतीची बस कुठून आणणार? सामना सालामांकात बघ. जिंकलेच, तर मिरवणूक जाहीर होईल तेव्हा जा, बसने अडीच तासांचा रस्ता आहे.

आणि फायनलवर डोळा ठेवून राहू नकोस. पोचशील त्या दिवसापासून एक बार धर आणि शेवटपर्यंत तो बदलू नकोस.

मी पोचले तेव्हा गटसाखळी संपलेली होती. स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून 1-0 हरला होता. नंतर होंडुरास आणि चिलीला हरवून पुढेही गेला होता, पण आजींचं सुतक काही फिटलं नव्हतं. मला कपाट दाखवता दाखवता त्या स्वित्झर्लंडबद्दल अशा काही बोलायला लागल्या, की माझ्या तेव्हाच्या स्पॅनिशवरून मला वाटलं, घरात कोणीतरी नुकतंच गेलंय. मी चेहरा पाडून ‘फार वाईट झालं’ म्हटलं. त्या क्षणापासून मी त्यांची लाडकी.

घराखालच्या गल्लीत, व्हान डाइक रस्त्याला लागून, एक बार होता. पर्यटक प्लाझा मायोरला, म्हणजे मुख्य चौकात, खातात, गावची माणसं व्हान डाइकला. मालक भल्या मोठ्या मिशांचा. त्याच्या मिशांना कारण होतं: संघाचे प्रशिक्षक विसेंते देल बोस्के. ते सालामांकाचेच, 1950 चा जन्म, आणि मिशा त्यांची ओळख. त्या बारमधला साठीच्या आसपासचा प्रत्येक माणूस देल बोस्केंबरोबर शाळेत होता. एवढा मोठा वर्ग कुठल्या शाळेत मावला देव जाणे.

3 जुलैला पराग्वेशी सामना होता. मी कोपऱ्यात सरबत घेऊन बसलेली, कोण कुठल्या बाजूला खेळतंय एवढंच कळत होतं. आणि एकापाठोपाठ पेनल्ट्या सुरू झाल्या. आधी पराग्वेच्या कार्दोसोची पेनल्टी स्पेनचा गोलकीपर कासियासने अडवली. लगेच स्पेनला मिळाली, शाबी अलोन्सोने गोल मारला, बार डोक्यावर घेतला गेला, तर रेफरी म्हणाला पुन्हा मारा. दुसऱ्यांदा मारली ती अडली. मी शेजारच्या बाईंना विचारलं, पुन्हा का मारायला लावली? झालं. पाच माणसं एकदम समजावायला सरसावली. काउंटरवर ऑलिव्हच्या बिया मांडून मला पेनल्टीचा नियम, मग न विचारता ऑफसाइडचा नियम, मग रेफरींच्या घराण्याचा इतिहास असं सगळं सांगितलं गेलं. ‘समजलं?’ म्हणून परत वदवूनही घेतलं. सकाळच्या वर्गात आम्ही ‘काल्पनिक परिस्थितीत तुम्ही काय कराल’ छापाची वाक्यं करत होतो. इथे त्याच क्रियापदांनी माणसं पोटतिडकीने भांडत होती. 83 व्या मिनिटाला स्पेनच्या व्हियाचा चेंडू दोन्ही खांबांना आपटून आत गेला, तेव्हा त्या शेजारच्या बाई माझ्याच गळ्यात पडून रडल्या. दुसऱ्या दिवसापासून बारमध्ये माझी खुर्ची ठरली. ठरली म्हणजे सक्तीने. त्या खुर्चीत मी असताना जिंकले होते ना! उपांत्य सामन्याला मी दहा मिनिटं उशिरा पोचले तर मालकाने मला चारचौघांत झापलं.

फायनलचं एकच सांगते. आमच्या बारमध्ये एक आजोबा कानाला ट्रान्झिस्टर लावून बसायचे. त्याच वर्षी स्पेनने जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद करून टीव्ही पूर्ण डिजिटल केला होता, आणि डिजिटल चित्र रेडिओच्या मागे काही सेकंद रेंगाळायचं. म्हणजे आजोबांना सगळं आधी कळायचं. मालकाने त्यांना दम भरून ठेवला होता, काहीही होवो, तोंड उघडायचं नाही. 116 वं मिनिट. हाइटिंगाला बाहेर काढल्यामुळे नेदरलंड्सचे दहाच खेळाडू उरलेले, तरी गोल होत नव्हता. टीव्हीवर स्पेनचे खेळाडू अजून चेंडू घेऊन पुढे येत होते. आजोबांनी वाइनचा ग्लास सावकाश खाली ठेवला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. अक्षर बोलले नाहीत. मी ते बघत होते, माझ्यासारखेच आणखी चारपाच जण टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत होते, आणि मालक काउंटरमागून ओरडला, ‘खरं का?’ तेवढ्यात पडद्यावर फाब्रेगासने चेंडू इनिएस्ताकडे दिला. पुढचं तू यूट्यूबवर बघ. त्याने जर्सी काढली तेव्हा आतल्या बनियनवर दानी खार्केचं नाव होतं, एस्पान्योल क्लबचा कप्तान, आदल्या ऑगस्टमध्ये हृदयविकाराने गेलेला. बारमध्ये ते नाव कोणीतरी मोठ्याने वाचलं.

नंतर सगळा गाव प्लाझा मायोरला लोटला. तो चौक चारही बाजूंनी बंद, कमानींतून आत शिरायचं, त्यामुळे आवाज बाहेर जातच नाही. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्द नाहीत, नुसती धून आहे. हजारो माणसं ती ‘लो लो लो’ करत म्हणत होती. जनगणमनला ताठ उभं राहून वाढलेल्या मला ते फार गमतीचं वाटलं, मग पाचदहा मिनिटांत मीही लो लो करायला लागले. पहाटेपर्यंत गाड्यांचे हॉर्न.

सोमवारी वर्ग होता. बाईंचा आवाज पूर्ण बसलेला. आमच्या वर्गात दोन डच मुलगे होते, ते बिचारे नारिंगी टीशर्ट घालूनच आले. रात्रभर लोकांनी त्यांना बिअर पाजली होती, पैसे घेतले नव्हते. त्या दिवशी व्याकरण झालंच नाही. बाईंनी झेंड्याचा विषय काढला. म्हणाल्या, आमच्या घरात हा झेंडा कधी बाल्कनीत लागला नाही, कारण माझ्या वडिलांच्या लेखी तो हुकूमशहा फ्रँकोच्या लोकांनी बळकावलेला झेंडा. काल माझ्या पुतण्याने तो गालावर रंगवला, आणि वडील काही बोलले नाहीत. वर्गात यावर वादही झाला, एक जर्मन मुलगी 2006 च्या त्यांच्याकडच्या वर्ल्ड कपमधलं झेंड्यांचं सांगायला लागली. कोर्समधला मला आजही आठवणारा तास तोच.

आता बाबांसाठी. मोठी बॅग नको, पासपोर्ट घरी, मोबाइल पुढच्या खिशात. गर्दीत काचेच्या बाटल्या फुटतात, सँडल नको, बूट घाल. चुकामूक झाली तर एरवी प्लाझा मायोरच्या ‘घड्याळाखाली’ भेटायचं. गावातलं प्रत्येक माणूस तिथेच भेटतं, त्यामुळे त्या रात्री खुद्द घड्याळाखाली मुंगीला जागा नसेल. बाहेरची एखादी कमान ठरवून ठेवा. आणि स्वेटर ने, हसू नकोस. गाव साधारण 800 मीटर उंचीवर आहे, दुपारी भाजून निघशील आणि रात्री कुडकुडशील.

उनाडपक्षी
गोदाकाठताईंचं वर्णन झकास, पण ते कास्तियातलं, म्हणजे माद्रिदच्या बाजूच्या स्पेनमधलं आहे हे खडीसाखरने लक्षात ठेवावं. मी त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनात इंटर्नशिपला होतो. घटनात्मक न्यायालयाने जूनअखेर काटालोनियाच्या (बार्सिलोना ज्याची राजधानी, त्या प्रांताच्या) स्वायत्ततेच्या कायद्यातली काही कलमं रद्द केली होती. त्याच्या निषेधाचा प्रचंड मोर्चा निघाला 10 जुलैला, म्हणजे फायनलच्या बरोबर आदल्या दिवशी. ‘आम्ही एक राष्ट्र आहोत’ अशी घोषणा होती. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात प्लासा एस्पान्याला मोठा पडदा आणि लाल-पिवळे झेंडे. माझ्या घरमालकाने सामना आवाज बंद करून बघितला. इनिएस्ता बार्साचा, म्हणजे बार्सिलोना क्लबचा, म्हणून टाळ्या वाजवल्या आणि कप उचलायच्या आत टीव्ही बंद केला. जिंकल्यावर शावी आणि पुयोल काटालान झेंडा घेऊन मैदानात फिरले, ते बघायचं राहिलं त्याचं. तेव्हा शनिवार-रविवार जोडून बार्सिलोनाला जाणार असशील तर स्पेनची जर्सी घालून अनोळखी बारमध्ये शिरण्याआधी जरा अंदाज घे. कोणी मारणार नाही, पण गप्पांचा सूर वेगळा असेल.

खडीसाखर
गोदाकाठताई, बाबांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते आता विचारताहेत की त्या आजोबांचं पुढे काय झालं! उनाडपक्षी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आभार. आणखी एक, मुलींना या सगळ्यात वेगळं पडल्यासारखं होतं का?

मीठमिरची
मी उत्तर देते. 2023 च्या ऑगस्टमध्ये माद्रिदला होते, प्रबंधाच्या कामासाठी. महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, सिडनीला, 20 तारखेला. तिथली संध्याकाळ म्हणजे स्पेनमध्ये दुपारचे बारा. ऑगस्टचं माद्रिद ओस असतं, निम्मी दुकानं सुट्टीवर. आमच्या भागात एकच बार उघडा, आणि त्यात चक्क लहान मुली आयांबरोबर, पहिल्या रांगेत जमिनीवर बसलेल्या. ओल्गा कार्मोनाच्या गोलवर इंग्लंडला 1-0 हरवलं. सामन्यानंतर तिला कळलं की वडील गेले. इतकं मोठं यश, आणि पुढच्या आठवड्यात चर्चा कशाची, तर फेडरेशनचे अध्यक्ष रुबियालेस यांनी बक्षीस घेताना खेळाडू जेनी एर्मोसोचं जबरदस्तीने चुंबन घेतलं त्याची. रुबियालेस राजीनामा देणार नाही म्हणत राहिले, शेवटी सप्टेंबरमध्ये द्यावा लागला. माद्रिदच्या काय्याओ चौकात जी निदर्शनं झाली, तिथे मी बारमधल्या त्याच मुलींपैकी दोघींना आईच्या खांद्याला लटकलेलं पाहिलं. त्यामुळे वेगळं पडतं का, तर तसं नाही. बारमध्ये बाया भरपूर असतात आणि त्या पुरुषांपेक्षा जोरात ओरडतात. रात्री परतताना मात्र दोघीतिघी मिळून परता, ते पुण्यातही करतेसच.

गोदाकाठ
आजोबांचं: मी निघाले तेव्हा ते त्याच कोपऱ्यात, ट्रान्झिस्टरवर सायकलींची शर्यत ऐकत होते. मालकाने आता बोलायची परवानगी दिली होती आणि ते थांबत नव्हते.

जेवणाचं राहिलं. उपाशी नाही राहणार. बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, प्रत्येक बारमध्ये मिळतं, तळलेल्या हिरव्या पादरोन मिरच्या मिळतात, गाझपाचो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप, असतं. मिक्स सॅलड मागवलंस तर त्यात टूना असतो, आधीच नको म्हणून सांग. आजींना ‘मांस खात नाही’ एवढंच सांगितलंस तर त्या मसूरच्या आमटीत हॅमचे तुकडे घालतील आणि वर म्हणतील, यात मांस कुठाय? हॅम, चोरिथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), मासे, एकेक नाव घेऊन सांग, आणि पहिल्याच दिवशी सांग.