नाइन-बॉल: समोरच्याला सावध करायचं कधी, गप्प बसायचं कधी? मदत हवी आहे

नाइन-बॉल या पूलच्या खेळाच्या क्लब स्पर्धेचे नियम लिहितोय. आधी ७ रॅक (डाव) जिंकेल तो विजयी. पंच नाही, स्कोअर खेळाडूच लिहितात.

सलग तीन फाउल झाले की रॅक जातो. पण दोन फाउल झालेला खेळाडू टेबलावर येताना त्याला तसं सांगावंच लागतं, नाहीतर तिसरा फाउलही दुसराच धरतात. पंच नसताना हे काम बसलेल्या, म्हणजे पाळी नसलेल्या खेळाडूचं. वाद तिथेच: ‘मी सांगितलं’, ‘मला ऐकू आलं नाही’. स्कोअरशीटवर खुणा करून पाहिल्या. सेफ्टीवर सेफ्टी (समोरच्याला अवघड जावं म्हणून मारलेले शॉट) चालू असली की त्या राहून जातात.

दुसरी अडचण नाजूक आहे. ३ नंबरचा बॉल ८ च्या मागे लपलाय आणि समोरचा ४ वर नेम धरतोय. पांढरा बॉल आधी टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरलाच लागावा लागतो; तो नंबर शोधणं खेळणाऱ्याचंच काम, म्हणून स्पर्धेत बोलू नये असं माझं मत. तो शॉट मारायला वाकल्यावर बोलणं तर व्यत्ययच. पण कुणी सांगितलं नाही यावरून नवखे खेळाडू फार दुखावतात.

तीन फाउलचा नियम काढायचा नाही आणि पंच नेमणं शक्य नाही. दोन फाउलची सूचना दिली याची खूण तुम्ही कशी ठेवता? आणि चुकीच्या बॉलबद्दल गप्प राहायचं हे लेखी देता, की खेळाडूंवर सोडता?