ओकाव्हांगोत दिसलेलं हिरव्या गालाचं छोटं बदक कुठलं?

कमळवेडी:
मंडळी, मागच्या जुलैत बोत्सवानाला ओकाव्हांगो डेल्टात गेलेलो. मोकोरोतून (लांब काठीने ढकलतात ती चिंचोळी होडी) जाताना कमळाच्या पानांत एक बदक दिसलं, पांढरा चेहरा, मागे गालावर पोपटी डाग, पिवळीधमक चोच आणि छाती-कुशी तांबूस नारिंगी. होडीवाले काका पिग्मी गूज म्हणाले पण ते जेमतेम पारव्याएवढं, मग गूज कसं? शेजारी अजून एक फिकट होतं, ते पिल्लू का? फोटो सगळे हललेत 😔

पाणथळ_भटक्या:
ताई, काका बरोबर आहेत. आफ्रिकन पिग्मी गूज, नर. लांबी साधारण ३० सेंमी, वजन पाव किलोच्या आसपास, जगातल्या सगळ्यात छोट्या बदकांपैकी एक. चोच आखूड आणि हंसासारखी म्हणून नावात गूज, बाकी बदकच. फिकट होतं त्याच्या डोळ्यावरून मळकट रेघ होती का? असेल तर मादी, तिला तो हिरवा डाग नसतो.

कमळवेडी:
हो हो रेघ होती! म्हणजे जोडी बघितली आम्ही, काय भारी वाटतंय 😍

डबक्याकाठी:
जुलै म्हणजे एकदम योग्य वेळ, अंगोलाच्या डोंगरातला पाऊस वाहत वाहत तिथे पोचायला काही महिने लागतात त्यामुळे ऐन कोरड्या दिवसात डेल्टा भरलेला असतो. या पक्ष्याला शोधायचं तर आधी कमळं शोधायची, कारण कमळाच्या बिया हेच त्याचं मुख्य खाणं. संथ, स्वच्छ पाणी आणि वर पसरलेली पानं पाहिजेत, उघड्या पाण्यावर फारसं थांबत नाही. धोका वाटला की पानांत गप्प बसून राहतं, इतकं स्थिर की होडी जवळून गेली तरी कळत नाही. उडालं तर पंखावरची पांढरी पट्टी बघा. आणि काठाची जुनी झाडंही तितकीच महत्त्वाची, घरटं झाडाच्या ढोलीत करतं. मादागास्करलाही आहे.

पाणथळ_भटक्या:
ताई, याचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे बरं का, काणूक म्हणजे कॉटन टील. विदर्भातल्या कमळं असलेल्या तलावांवर दिसतो, तोही ढोलीतच घरटं करतो. थंडीत नवेगाव बांधला जा, आणि यावेळी दुर्बीण घेऊन पानं एकेक करून बघा.