एमडीवर बंदी यायला २०१५ उजाडलं, आता अख्खी फॅमिलीच बॅन करा की!

पुडीविरोधक: मेफेड्रोन हे नशेचं केमिकल, आपल्याकडचं एमडी उर्फ म्याव म्याव. ब्रिटनने २०१० ला बंदी घातली, आपल्या एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांचा कायदा) आलं फेब्रुवारी २०१५ ला आणि व्हिएन्नात युनोच्या कमिशनने नशेच्या पदार्थांवरच्या १९७१ च्या करारात टाकलं त्याच मार्चमध्ये. तोवर मुंबईत पोलिसांनी माल पकडला तरी एनडीपीएस लागत नव्हता!! कारण पद्धतच अशी, एकेक रेणू घ्यायचा, डब्ल्यूएचओची समिती अभ्यास करणार, मग मतदान, आणि तोवर केमिस्ट लोक रेणूत थोडा बदल करून नवीन माल काढून मोकळे. असे हजाराच्या वर पदार्थ युनोकडे नोंदलेत. एकसारख्या रचनेचे सगळे एकदम बॅन करा, सगळ्या देशांत.

भूलवाला: थांबा जरा. २०१५ लाच चीनने केटामिनवर (भूल द्यायचं औषध) आंतरराष्ट्रीय बंधनं मागितली होती, डब्ल्यूएचओ नको म्हणाली आणि विषय पुढे ढकलला गेला. का? तर केटामिनमध्ये पेशंटचा श्वास सहसा चालू राहतो, बीपी धाडकन पडत नाही, त्यामुळे जिथे धड मशीन नाही, लाईटचा भरवसा नाही तिथे सिझर त्याच्यावर होतं. पार्टीत ओढतात म्हणून ओटीतून काढायचं का?

पुडीविरोधक: औषध वगळा ना, कोण नको म्हणतंय. चीनने १ मे २०१९ पासून फेंटानिल (अफूसारखं कृत्रिम वेदनाशामक) आणि त्याच्यासारखे सगळेच पदार्थ एकदम नियंत्रणात आणले, तिथून थेट अमेरिकेत जाणारा माल घटला.

कुरकुंभकर: हो, आणि मग कच्चा माल मेक्सिकोत जायला लागला, फेंटानिल तिकडे बनतंय. वर नायटाझीन नावाचं अफूसारखंच नवीन कृत्रिम लचांड आलंय ते वेगळंच. आपलं बघा, एमडी बॅन होऊन नऊ वर्षं झाल्यावर २०२४ ला पुणे पोलिसांना आमच्या कुरकुंभ एमआयडीसीत कारखाना सापडला, तोही किलोकिलोने नाही तर क्विंटलने माल काढणारा. कायदा होताच की. रिअॅक्टर, केमिकल आणि ते चालवणारा माणूस या तिन्हीवर कोणाची नजर होती ते विचारा, व्हिएन्नात हात वर करून काय होणार.

पुडीविरोधक: म्हणजे कायदाच नको?

कुरकुंभकर: असं कुठे म्हटलं राव.

भूलवाला: "औषध वगळा" बोलायला सोपंय. १९८५ च्या एनडीपीएसमध्ये मॉर्फिनसुद्धा औषध म्हणून चालणारच होतं, पण राज्याराज्यांची लायसन्स एवढी किचकट की हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडलं. नियम सोपे करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. ब्रिटनने २०१६ ला उलटं केलं, नशा आणणारं सगळंच विकायला बंद, मग दारू, तंबाखू, कॉफी, औषधं वगळत बसले (दारू वगळली हे विशेष 😄). असा माल विकणारी दुकानं बंद झाली पण स्पाइस (कृत्रिम गांजा) तुरुंगांत मिळतच राहिलं. तुमची फॅमिली बंदी आणायचीच तर आधी वगळायची यादी डॉक्टरांना विचारून छापा, बंदीचं नोटिफिकेशन त्याच्यानंतर.

पुडीविरोधक: आणि ती यादी होईपर्यंत पोलिसांनी पुडी परत द्यायची?