बाळ अडीच महिन्यांचं, पाळणा लांबवायचाय: तांबी, अंतरा की छाया?

पाऊलवाट:
वय २६, पहिलं बाळंतपण, साधं. बाळ पूर्ण अंगावर पितं, वरचं पाणीसुद्धा देत नाही. पाळी अजून आलेली नाही. दुसरं मूल पहिलं ३ वर्षांचं झाल्यावर हवं आहे. पाळीत रक्तस्राव आधीपासूनच जास्त, पोटातही दुखतं. हिमोग्लोबिन ९.४, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. नवरा बाहेरगावी कामाला, महिन्यातून दोनदा येतो. उपकेंद्रात तांबी, अंतराचं इंजेक्शन आणि छाया गोळ्या तिन्ही मोफत मिळतात. सासूबाई म्हणतात, अंगावर पाजतेस तोवर काही लागत नाही. काय घेऊ, आणि कशात काय बिघडू शकतं?

टाकादोरा:
सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ रात्रंदिवस फक्त अंगावर पितंय, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असतील तरच भरवसा. दोन पाजण्यांमध्ये दिवसा ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड नको. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं. पाळी आल्यावर बघू म्हणून थांबू नका. पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे पाळी न येताच दिवस राहिलेल्या कितीतरी जणी असतात.

माझं मत तांबीला. ३८० ए ही तांबी १० वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. वर्षभरात १०० जणींमध्ये एकीपेक्षा कमी फसते, कारण लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नाही. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवतात, नाहीतर ६ आठवड्यांनंतर. म्हणजे तुम्हाला आता चालेल. फक्त अंगावर पाजणाऱ्या बाईत बसवताना पिशवीला छिद्र पडण्याचा धोका किंचित जास्त असतो, म्हणून हात सरावाचा हवा. निसटली तर बहुधा पहिल्या काही महिन्यांतच निसटते. पाळी सुरू झाली की दर पाळीनंतर बोटाने तांबीचे धागे लागतात का ते बघा. धागे लागेनात, लांब वाटले किंवा कडक टोक लागलं तर कंडोम वापरा आणि तपासून घ्या. ती फिरत फिरत छातीत जाते, हे खरं नाही.

निळीशाई:
टाकादोरा, एरवी मीही तांबीच सांगितली असती. पण रक्तस्राव जास्त, दुखणं आहे आणि हिमोग्लोबिन ९.४. तांबीने पहिले ३ ते ६ महिने अंगावरून आणखी जातं. मनाई नाही, तरी आधी रक्त भरून काढलेलं बरं. खासगीत मिरेनासारखी हार्मोनची तांबी मिळते, तिने उलट रक्तस्राव घटतो. पण ती महाग पडते.

म्हणून ताई, तुम्ही अंतराचा विचार करा. १५० मिलिग्रॅम, दर ३ महिन्यांनी. अंगावर पाजत असाल तर बाळ ६ आठवड्यांचं झाल्यावर देतात, दूध कमी होत नाही. आधी रक्तदाब मोजून घ्या. १६०/१०० किंवा वर असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा कारण न कळता अंगावरून जात असेल तर हे इंजेक्शन नाही. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. नाहीतर औषध लवकर पसरतं आणि मुदतीआधी संपतं. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या. २ आठवडे आधी किंवा ४ आठवडे उशिरा चालतं. त्याहून उशीर झाला तर गर्भ नाही याची खात्री करून इंजेक्शन, आणि नंतर ७ दिवस कंडोम.

बायका सोडतात ते पहिल्या दोन-तीन इंजेक्शनांत, अधूनमधून डाग पडतात म्हणून. पुढे वर्षभरात जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते. खराब रक्त आत साठत नाही, गर्भपिशवीचं अस्तरच पातळ राहतं, आणि तुमच्या हिमोग्लोबिनला ते बरंच आहे.

एक हिशेब मात्र आत्ताच करून ठेवा. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने जातात. दुसरं बाळ ३ वर्षांनी हवं तर दिवस पहिलं सव्वादोन वर्षांचं असताना राहायला हवेत. म्हणजे शेवटचं इंजेक्शन ते दीड वर्षाचं असतानाच.

पाऊलवाट:
छाया का नको? आठवड्याला एकच गोळी, शिवाय हार्मोन नाही म्हणतात. नवरा यायच्या आठवड्यात घेतली तर?

शेवंती:
तिथेच छाया फसते. नवरा येणार म्हणून घ्यायची ही गोळी नव्हे, तो नसला तरी वार चुकवायचा नाही. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, उदाहरणार्थ रविवारी आणि बुधवारी. नंतर त्यातल्या पहिल्या वारी, म्हणजे इथे रविवारी, एकच. तुमची पाळी आलेली नसली तरी गर्भ नाही याची खात्री असेल तर सुरू करता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं सेंटक्रोमन नावाचं औषध आहे हे, ३० मिलिग्रॅम, स्टेरॉइड हार्मोन नाही. दूध कमी होत नाही. पाळी उशिरा येते आणि रक्त कमी जातं, म्हणून रक्त कमी असलेल्यांना सोयीची. बाळंतपणानंतर पाळी परत सुरू झाल्यावर ती तारखेपेक्षा १५ दिवसांहून जास्त पुढे गेली तर गर्भ आहे का याची लघवीची तपासणी करा. नुकतीच कावीळ झालेली किंवा पीसीओएस (बीजकोशाचा, पाळी अनियमित करणारा विकार) असेल तर घेऊ नका.

गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्या, पुढची ठरल्या वारीच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरा. ७ दिवसांहून जास्त खंड पडला तर परत पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोनदा ३ महिने. हे जमणार नाही वाटत असेल तर निळीशाई म्हणतात तसं अंतराच घ्या. माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांकडे मात्र बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत वळू नका, त्यातल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं.