ॲटनबरो हे आडनाव एकाच गावाचे आणि एकाच पुरुषाचे मानावे का?

वंशवेल

ब्रिटनमधील दुर्मीळ आडनावांचा उगम शोधता येतो की नाही, या प्रश्नावर चर्चा व्हावी म्हणून मी ‘ॲटनबरो’ हे उदाहरण निवडले आहे. गांधीजींवरील चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड या बंधूंमुळे हे नाव आपल्याकडे सर्वांच्या कानावरचे आहे. इतके परिचित असल्यामुळेच ते मुळात किती विरळ आहे आणि इंग्लंडच्या एका लहानशा टापूत किती घट्ट रुजलेले होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो याच नावाचे गाव आहे. ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन १६११ साली तेथेच जन्मला. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेले आडनावांचे नकाशे पाहिले, तर हे आडनाव नॉटिंगहॅमशायरमध्ये आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशायरमध्ये दाटलेले दिसते. गावाचे नाव आणि आडनावाचा टापू एकमेकांवर असे तंतोतंत बसत असताना उगमासाठी अन्यत्र जाण्याचे कारण मला दिसत नाही.

माझा दुसरा दावा याहून मोठा आहे. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते आणि आडनावही तसेच जाते, हा त्याचा पाया. आडनाव जितके विरळ, तितके ते धारण करणाऱ्यांतील रक्ताचे नाते अधिक, असे त्यातून दिसले. ‘स्मिथ’ आडनावाच्या दोन पुरुषांचा एकमेकांशी संबंध रस्त्यावरच्या कोणत्याही दोघांइतकाच निघतो. ‘ॲटनबरो’ किंवा ‘स्विंडलहर्स्ट’ यांच्यामध्ये मात्र ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे अथवा जवळजवळ तसेच आढळले. म्हणून हे आडनाव एका गावातून निघालेल्या एका मूळ पुरुषाचे आहे, असे मी मानतो. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी आपली कारणे मांडावीत.

अक्षरवेध

आपल्या पहिल्याच दाव्याला माझी हरकत आहे. आडनाव आणि गाव यांचे रूप आज सारखे दिसते, एवढ्याने त्यांचा उगम एक ठरत नाही. गावाच्या नावाच्या बाराव्या शतकातील नोंदी ‘ॲडिन-’ अशा रूपाने सुरू होतात आणि स्थलनामांचे अभ्यासक त्याचा अर्थ ‘ॲडा किंवा एडी नावाच्या माणसाची तटबंदीची जागा’ असा लावतात. म्हणजे मूळ रूपात ‘ड’ आहे, ‘ट’ नाही. दुसरीकडे मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ आणि ‘ॲटर’ ही ‘-पाशी राहणारा’ अशा अर्थाची जोडशब्दांची रूपे सर्रास होती. ‘नॅश’ म्हणजे ‘ॲटन ॲश’, ॲशच्या झाडापाशी राहणारा. ‘ॲटरबरी’ म्हणजे तटबंदीपाशी राहणारा. मग ‘ॲटन-बरो’ हेदेखील गढीपाशी किंवा टेकाडापाशी राहणाऱ्या कोणाचेही नाव असू शकते, आणि असे नाव पाच ठिकाणी पाच जणांना स्वतंत्रपणे मिळू शकते. विसाव्या शतकातील उच्चारावरून तेराव्या शतकाचा निवाडा करणे मला धोक्याचे वाटते.

वंशवेल

अक्षरवेध, आपण दिलेले ‘ॲटरबरी’चे उदाहरणच आपल्या तर्काच्या विरोधात जाते. जुन्या इंग्रजीत तटबंदीला असलेला शब्द स्त्रीलिंगी होता आणि स्त्रीलिंगी शब्दापूर्वी ‘ॲटर’ येत असे. म्हणूनच ‘ॲटरबरी’ घडले. ‘ॲटन’ हे पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांपूर्वीचे रूप आहे. तेव्हा गढीपाशी राहणाऱ्या माणसाचे नाव ‘ॲटनबरो’ होण्याचा मार्ग सरळ नाही.

अक्षरवेध

हा नियम जुन्या इंग्रजीपुरता ठीक आहे. आडनावे स्थिरावली त्या काळापर्यंत शब्दांची लिंगे बोलण्यातून पुसली जात होती. ओक वृक्षाचा शब्द जुन्या इंग्रजीत स्त्रीलिंगीच होता, तरीही ‘ॲटन ओक’ यावरून ‘नोक्स’ हे आडनाव झालेच. आणि टेकाडासाठी असलेला ‘बेओर्ग’ हा शब्द तर पुल्लिंगीच आहे. त्याला ‘ॲटन’ लागण्यास व्याकरणाची काहीच आडकाठी नाही. ‘ॲटनबॅरो’, ‘ॲटनबरो’ हे उच्चारभेद नोंदणाऱ्या कारकुनांच्या कानाला सारखेच वाटले असणार, कारण तेव्हा आडनाव धारण करणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे आणि लेखनाचा निर्णय लेखणी धरणाऱ्याचा असे.

दप्तरदार

आपण दोघेही हा प्रश्न व्याकरणावर सोडवू पाहत आहात. मला वाटते तो दप्तरात सुटेल. मध्ययुगीन नोंदीत नावामागे ‘द’ (म्हणजे ‘-चा’, ‘-हून आलेला’) लागले असेल, उदाहरणार्थ ‘अमुक द ॲडिनबर्ग’, तर तो माणूस त्या गावाचा म्हणून ओळखला जात होता. ‘ॲट’ लागले असेल, तर तो गढीपाशी किंवा टेकाडापाशी राहत होता. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या, त्याआधीच्या चीजवस्तूंवरील कराच्या याद्या आणि जहागिरीच्या न्यायसभांच्या गुंडाळ्या यांत नॉटिंगहॅमशायरपुरता हा एक भेद पाहत गेले, तरी अर्धा वाद मिटेल.

एक गोष्ट मात्र वंशवेल यांच्या बाजूची आहे. ‘ॲट’ लागलेली आडनावे प्रामुख्याने दक्षिण आणि आग्नेय इंग्लंडमधील आहेत. ससेक्स, सरे, केंट, एसेक्स या परगण्यांत त्यांची गर्दी दिसते. ट्रेंटच्या खोऱ्यात ती विरळ आहेत. उगम झाडाटेकाडावरून असता, तर आडनाव दक्षिणेकडे दाट असायला हवे होते. ते नेमके त्याच नावाच्या गावाच्या अवतीभवती दाटले आहे, हा योगायोग मानणे मला कठीण जाते. म्हणून गावाचा उगम मी स्वीकारतो.

एका पुरुषाचा उगम मात्र मी स्वीकारत नाही, आणि त्याचे कारण मराठी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. गावावरून पडणारे आडनाव गावात राहणाऱ्याला मिळत नाही; गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर तेथील लोक ते देतात. आपल्याकडील ‘-कर’ आडनावे अशीच आहेत, आणि एकाच गावाहून बाहेर पडलेल्या, एकमेकांशी सोयरसुतक नसलेल्या, कित्येकदा वेगवेगळ्या जातींच्या कुटुंबांना एकच ‘-कर’ आडनाव लागलेले आपण रोज पाहतो. ॲटनबरो गावातून एक जण डर्बीकडे गेला, दुसरा नॉटिंगहॅमच्या बाजारपेठेत गेला, तिसरा आणखी कोठे गेला. तिघांनाही तेच नाव पडले असेल. गाव एक म्हणून पूर्वज एक, हा निष्कर्ष कशाच्या आधारावर काढायचा?

सुमेध

दप्तरदार यांच्याशी मी सहमत नाही. ‘-कर’ आडनावे आपल्याकडे मोठ्या प्रमाणात ब्रिटिश काळात दप्तरी रूढ झाली. त्यांना दीडदोनशे वर्षे झाली आहेत. इंग्लंडमध्ये हीच प्रक्रिया सुमारे ७०० वर्षांपूर्वीची आहे आणि मधल्या काळात १३४८-४९ ची प्लेगची महामारी येऊन गेली, जिच्यात देशाची एकतृतीयांश ते निम्मी प्रजा मेली. तिघांना ते नाव पडले असेल, तरी तिघांचेही वंश टिकले असतील असे नाही. आजचे ॲटनबरो एकाच्या पोटचे आहेत, हे गुणसूत्रांनी दाखवले आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

रानवारा

सुमेध यांनी नेमके तेच सांगितले आहे, जे वंशवेल यांचा दावा खोडून काढते. म्हणून मी जरा विस्ताराने लिहितो.

‘आजचे बहुतेक ॲटनबरो एका पुरुषाचे वंशज आहेत’ आणि ‘ॲटनबरो हे आडनाव एका पुरुषापासून सुरू झाले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले खरे असूनही दुसरे खोटे असू शकते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये आडनावे नामशेष कशी होतात, हा प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला आणि हेन्री वॉटसन यांनी त्याचे गणित मांडले. त्यातील कल्पना साधी आहे. ज्याला मुलगे झाले नाहीत, त्याचे आडनाव त्याच्यापाशी थांबले. ज्याला पाच मुलगे जगले, त्याचे पाचपट झाले. असे वीसबावीस पिढ्या चालले, की सुरुवातीच्या दहा घरांपैकी आठनऊ निर्वंश होतात आणि उरलेले एखादे घर सगळे आडनाव व्यापून टाकते. आडनाव जितके विरळ, तितका हा खेळ तीव्र. म्हणजे विरळ आडनावात एकच वंश दिसणे हे उगम एक असल्याचे लक्षण नसून विरळ असण्याचाच परिणाम असू शकते.

हे माझे मत नाही. वंशवेल यांनी ज्या अभ्यासाचा आधार घेतला, त्याच्याच लेखकांचा हा निष्कर्ष आहे. त्यांना ४० आडनावांत मिळून सरासरी ६२ टक्के पुरुष एकाच पूर्वजाकडे जाणाऱ्या गटांत आढळले, आणि हे प्रमाण निरनिराळ्या आडनावांत ० पासून ८७ टक्क्यांपर्यंत गेले. परंतु त्यांतील अनेक गटांचा समान पूर्वज फार जुना नव्हता. शिवाय आडनाव गावावरून आले की व्यवसायावरून, याने विविधतेत काही फरक पडत नव्हता. उगमाचा ठसा उरला असता, तर एका लहान गावाचे आडनाव आणि गावोगावी आढळणाऱ्या धंद्याचे आडनाव यांत फरक दिसायला हवा होता. म्हणून आजच्या गुणसूत्रांवरून ७०० वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांविषयी विश्वासार्ह माहिती जवळजवळ मिळत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. त्यांनी मोजलेली टक्केवारी घ्यायची आणि त्यांनीच घातलेली मर्यादा गाळायची, हे योग्य नव्हे.

वंशवेल

रानवारा, मर्यादा मी गाळत नाही. तिचे वजन वेगळे धरतो. वंश तुटण्याची इतरही कारणे असतात. दत्तक मूल, मामाच्या वाडवडिलार्जित जमिनीसाठी घेतलेले आईकडचे आडनाव, विवाहाबाहेरचे अपत्य, या प्रत्येक प्रसंगी आडनाव पुढे जाते आणि गुणसूत्र बदलते. समजा दर पिढीला असे केवळ २ टक्के घडले, तरी २५ पिढ्यांनंतर मूळ गुणसूत्र सुमारे ६० टक्के पुरुषांतच उरेल. म्हणजे आडनाव खरोखर एका पुरुषापासून निघाले असते, तरी आज एवढाच मेळ अपेक्षित होता. प्रत्यक्षात तो त्याहून जास्त आहे. तीन निरनिराळ्या घराण्यांतून सुरुवात होऊन हा आकडा गाठायचा, तर दोन घराणी जवळजवळ समूळ नष्ट व्हावी लागतील. ते अशक्य नाही, पण एकाच मूळ पुरुषाचे स्पष्टीकरण मला अधिक सरळ वाटते.

रानवारा

आपल्या गणितानेच आपला दावा कमकुवत होतो. अपेक्षेपेक्षा मेळ जास्त निघाला, तर त्याचा सरळ अर्थ आजच्या बहुसंख्यांचा समान पूर्वज २५ पिढ्यांहून बराच अलीकडचा आहे, असा होतो. तो सोळाव्या किंवा सतराव्या शतकातील कोणी मुलाबाळांनी भरलेल्या घराचा कर्ता असेल. त्याच्या आधी त्या आडनावाची किती घरे होती, हे गुणसूत्र सांगत नाही.

अक्षरवेध

आणि कागदाची वंशावळही या कामी किती पुरते, याचा दाखला लेस्टरमध्येच आहे. तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा तेथे २०१२ मध्ये सापडला. आईकडून येणाऱ्या जनुकांनी ओळख पटली; पण पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या पुरुषवंशातील, म्हणजे कागदोपत्री राजाच्याच पितृकुळातील, ज्या पाच हयात पुरुषांची चाचणी झाली, त्यांच्यापैकी एकाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही, आणि त्या पाचांतील एक तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. राजघराण्याच्या वंशावळीची ही अवस्था असेल, तर शेतकऱ्यांच्या आडनावाविषयी अधिक सावध राहावे.

दप्तरदार

नकाशाविषयी एक मुद्दा राहिला आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. १८८१ ची जनगणना ३ एप्रिलच्या रात्री कोण कोठे मुक्कामाला होते, हे सांगते. तोपर्यंत रेल्वे, कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांनी माणसे हलवून टाकली होती. लंडनमध्ये या आडनावाचे लोक दिसतात, कारण एकोणिसाव्या शतकात तेथे ॲटनबरो आडनावाच्या सावकारांच्या गहाणवटीच्या पेढ्या प्रसिद्ध होत्या. त्याचा उगमाशी संबंध नाही. ज्या बंधूंमुळे आपण हे नाव ओळखतो, त्यांतील रिचर्ड १९२३ मध्ये केंब्रिजला आणि डेव्हिड १९२६ मध्ये लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथे जन्मले, आणि दोघे वाढले लेस्टरला, जेथे त्यांचे वडील विद्यापीठ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. (पुढे त्याच महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले आणि तेथेच हा गुणसूत्रांचा अभ्यास झाला, ही नोंद मला येथे करावीशी वाटते.) एका पिढीत एवढी हालचाल होते.

म्हणून वस्तीचा रकाना सोडून जन्मस्थळाचा रकाना पाहावा. १८५१ पासूनच्या जनगणनांत जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गाव किंवा वस्ती, लिहिलेला असतो. १८५१ मध्ये सत्तरी गाठलेला ॲटनबरो १७८० च्या आसपास कोठे जन्मला, हे त्यातून कळते आणि नकाशा एका फटक्यात सत्तर वर्षे मागे जातो. त्याच्या मागे १६६२ ते १६८९ मधील चूलपट्टीच्या याद्या आहेत आणि त्याही मागे १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागलेल्या चर्चच्या नोंदवह्या. प्रत्येक टप्प्यावर आडनावाचा टापू गावाकडे आक्रसत गेला, तर वंशवेल यांचा पहिला दावा पक्का. आणि चूलपट्टीच्या काळातच परस्परांपासून दूर अशा तीनचार पॅरिशांत ही घरे दिसली, तर दुसरा दावा टिकणे अवघड आहे.

वंशवेल

ही कसोटी मला मान्य आहे, एका पुरवणीसह. चूलपट्टीत दूरदूरची घरे सापडली, तरी ती १३०० ते १६६० या साडेतीनशे वर्षांत एकाच घरातून फुटलेली असू शकतात. तेव्हा केवळ अंतरावरून निकाल लावू नये. त्या प्रत्येक पॅरिशातील ज्या शाखा कागदोपत्री आजवर जोडता येतात, त्यांतील एकेका पुरुषाचे गुणसूत्र तपासावे. शाखा सतराव्या शतकाआधी वेगळ्या झालेल्या असूनही गुणसूत्र एकच निघाले, तर अलीकडच्या पूर्वजाचे रानवारा यांचे स्पष्टीकरण उरत नाही.

रानवारा

तशा शाखा कागदाने शाबीत झाल्या, तर मी माझा आक्षेप मागे घेईन. तोपर्यंत गाव एक, इतकेच मी मान्य करतो.