मदत हवी आहे : हस्ताक्षर विश्लेषणाची पडताळणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

विक्री विभागाच्या भरतीत उमेदवाराकडून पानभर लिहून घेऊन ग्राफॉलॉजिस्टचा (अक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्याचा) अहवाल मागवायचा घाट आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या आढाव्यात ग्राफॉलॉजीचा कामगिरीशी सहसंबंध ०.०२ आहे (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण), प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या चाचणीचा ०.५४. आकड्यांनी साहेब हलत नाहीत. आधी आपल्याच लोकांवर तपासू, एवढं मात्र कबूल झालंय.

आराखडा असा: ४० जुने विक्री कर्मचारी, नावाऐवजी क्रमांक, कोरा कागद, सगळ्यांना एकाच जातीचं बॉलपेन, आणि बघून उतरवायचा एकच मजकूर. स्वतःबद्दल लिहायला दिलं की "एमबीएला पहिला आलो" हे वाचूनच मत बनतं आणि श्रेय अक्षराला जातं. तेच कागद अक्षरशास्त्राचा गंध नसलेल्या दोघांनाही द्यायचे. तिघांचे अंदाज दोन वर्षांच्या विक्रीशी ताडून बघायचे.

अडतंय ते दोन ठिकाणी.

पहिलं, लिपी. ग्राफॉलॉजिस्टचे नियम रोमनचे: 'टी'ची आडवी रेघ, 'वाय'चं शेपूट, ओळीचा पाया. देवनागरी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात. ती रेघ कुणी शब्द संपल्यावर ओढतं, कुणी ओढतच नाही. त्यातून 'आत्मविश्वास' कसा मोजणार? मजकूर इंग्रजीच द्यावा का? पण मराठी माध्यमातल्यांचा हात तिथे अडखळतो.

दुसरं, हे ४० जण आधीच निवडून आलेले. कामगिरीतला फरक कमी, म्हणजे कुठलाही सहसंबंध दबणारच. सोडून गेलेल्यांचे जुने हस्तलिखित अर्ज घेतले तर चालतील? त्यात मजकूर वेगवेगळा, हीच पंचाईत.

अशी पडताळणी कुणी केली असल्यास कृपया सांगा.